कशावरून?

तंजावरच्या मेल राजवीथीमागच्या बोळात तात्या राहत. सरस्वती महालात मोडी कागदांची सूची करण्यात त्यांची सारी नोकरी गेली होती. निवृत्त झाले तरी नोंद करायची खोड काही सुटली नव्हती. दूधवाला कधी आला नाही, विहिरीचे पाणी किती हात खाली गेले, आजींच्या गुडघ्याला कोणते तेल लावले आणि त्याने काय झाले, हे सगळे एका लांबट वहीत उतरत असे. अंगणातल्या पांढऱ्या मारुती एट हंड्रेडसाठी तर वहीची मागची पाने राखून ठेवलेली होती. आजी म्हणत, "गाडी धावते त्याहून हिची वहीच जास्त धावते."

ऑगस्टातल्या एका सकाळी तात्यांनी किल्ली फिरवली आणि बॉनेटखालून एकच आवाज आला. टक्. इंजिन हलले नाही. पुन्हा फिरवली, पुन्हा टक्.

कीळवासलला एक मेस्त्री होते. तात्यांची गाडी वर्षानुवर्षे तेच बघत. पण ते गावी गेले होते, म्हणून त्यांचा भाचा आला. आयटीआय शिकलेला, हात चपळ, आणि उत्तर द्यायची घाई. त्याने आवाज ऐकला आणि बॉनेट उघडायच्या आधीच विचारले, "बॅटरी किती वर्षांची, सार?"

तात्यांनी वही पाहून सांगितले, "साडेतीन."

"मग संपली."

तासाभरात नवी बॅटरी बसली. किल्ली फिरवताच इंजिन असे गुरगुरले की आजी ओसरीवरून डोकावल्या. भाच्याच्या चेहऱ्यावर हसू मावेना. तात्या त्याला तंबी म्हणत. त्यांनी वहीत लिहिले, "टक् आवाज. बॅटरी नवी. गाडी लगेच सुरू. तंबी हुशार."

त्याच पानावर पुढे आणखी दोन बारीक नोंदी पडल्या. एक, "क्लच जड वाटतो." दुसरी, "ॲक्सिलरेटर दाबला की अडकतो. तंबीने केबल बदलली." या नोंदींकडे नंतर कोणी पाहिले नाही.

मग ऐप्पसी या तमिळ महिन्याचा पाऊस लागला. तंजावरच्या पावसाचे वेळापत्रक महाराष्ट्रातल्यापेक्षा वेगळे. मृगाच्या पावसावर इथल्या अंगणांची तहान भागत नाही. ईशान्येचा मोसमी पाऊस ऑक्टोबरात येतो आणि डिसेंबरापर्यंत वरचेवर झोडपतो. गाडीखाली पाणी साचे, ओसरे, पुन्हा साचे. नोव्हेंबरात एका सकाळी पुन्हा तोच आवाज आला. टक्.

भाचा आला. बॅटरी नवी, तेव्हा ती निर्दोष. दिवे लागत होते, हॉर्न वाजत होता. म्हणाला, "आता सेल्फ गेला, सार. टक् होतं म्हणजे सोलेनॉइड उचलतोय, पण मोटर फिरत नाही. आतले कार्बन झिजले असणार."

हे बोलणे चुकीचे नव्हते. सेल्फचे कार्बन झिजले तरी अगदी असेच होते. त्याने जुना सेल्फ उतरवला, दुसरा चढवला, आणि गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली. रक्कम बॅटरीपेक्षा मोठी होती, तरी तात्यांनी ती आनंदाने मोजली. वहीत नोंद झाली, "सेल्फ नवा. गाडी सुरू. तंबीचे निदान पुन्हा बरोबर."

जानेवारी आला. पौष वद्य पंचमीला तिरुवय्यारूला त्यागराजांची आराधना असते. कावेरीकाठी त्यांच्या समाधीपाशी गवयी, वादक आणि शिकणारी पोरे एकत्र बसून पंचरत्न कृती गातात. तंजावरहून अंतर तेरा किलोमीटर. आजी गुडघे बरे असोत वा नसोत, दर वर्षी जात. त्या पहाटे त्या नऊवारी नेसून, डब्यात दहीभात घेऊन गाडीत बसल्या. तात्यांनी किल्ली फिरवली.

टक्.

आजी काही बोलल्या नाहीत. डबा घेऊन उतरल्या आणि बस स्टँडच्या दिशेने चालू लागल्या. तात्यांनी गाडीला कुलूप लावले. जाताना कीळवासलला निरोप ठेवला, "भाच्याला पाठवू नका. तुम्ही या."

मेस्त्री संध्याकाळी आले. भाचा मागोमाग, हातात पान्यांची पेटी. वाटेतच त्याने ठरवून टाकले होते. "मामा, इग्निशन स्विच असणार. बॅटरी नवी, सेल्फ नवा, आता राहिलं काय?"

मेस्त्रींनी उत्तर दिले नाही. ओसरीवर बसले आणि म्हणाले, "रायरे, वही आणा. पहिल्यापासून वाचा."

तात्या तमिळमध्ये भाषांतर करत एकेक नोंद वाचू लागले. बॅटरी, पाऊस, सेल्फ यांवर मेस्त्रींनी नुसती मान डोलावली. क्लच जड झाल्याची आणि केबल बदलल्याची नोंद आली तेव्हा त्यांनी हात वर केला.

"ती जुनी केबल कुठंय?"

"शेडमध्ये पडलीय," भाचा म्हणाला.

"आण."

भाचा सायकलवर जाऊन घेऊन आला. मेस्त्रींनी केबल बोटांतून सरकवत नेली. एका जागी वरचे प्लॅस्टिक काळवंडून वितळलेले होते.

"हे पाहिलं होतंस?"

"काढून टाकलेली केबल कोण बघतं, मामा?"

"हिला सायलेन्सरचा चटका लागला म्हणावं, तर ही तिथून जातच नाही. मग तापली कशानं?" भाच्याने खांदे उडवले. मेस्त्रींनी केबल बाजूला ठेवली. "असू दे. हा संशय झाला. आता विचारू गाडीलाच."

त्यांनी हेडलाइट लावले, तात्यांना सीटवर बसवले आणि किल्ली फिरवायला सांगितले. टक् झाले. दिवे जरासे मंदावले, पण विझू पाहिले नाहीत.

"बॅटरी रिकामी असती तर?"

"दिवे पार मरगळले असते," भाचा म्हणाला. "आणि एकच टक् आलं नसतं. बहुतेक टकटकटकटक आलं असतं. सोलेनॉइड उचलतो, मोटर करंट खेचते, व्होल्टेज पडतं, सोलेनॉइड सुटतो, पुन्हा उचलतो."

"हे तुला ठाऊक आहे. मग ऑगस्टात एकच टक् आलं तेव्हा बॅटरी का बदललीस?"

भाचा गप्प.

मेस्त्रींनी मल्टिमीटर काढला. बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलवर टोके टेकवली. साडेबारा व्होल्ट. किल्ली फिरवताना ११.८. "साडेनऊच्या खाली गेलं तर बॅटरीवर बोट ठेवायचं. ही सुटली. आणि दुसरी गोष्ट बघ. सेल्फ फिरवायला शंभरावर अँपिअर लागतात. तेवढे खरंच वाहिले असते तर व्होल्टेज याहून बरंच खाली आलं असतं. म्हणजे करंट जातच नाहीये. कुठंतरी अडतोय. कुठं?"

"लाल वायर?"

"बघू." बॅटरीच्या धन टोकापासून सेल्फच्या बोल्टपर्यंत त्यांनी मीटर लावला. किल्ली. फक्त ०.२. "ही वाट मोकळी. आता परतीची." एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर, दुसरे गिअरबॉक्सच्या उघड्या धातूवर. "रायरे, फिरवा."

टक्. मीटरने सात व्होल्ट दाखवले.

भाचा वाकून पाहत राहिला. तिथे फार तर पाव व्होल्ट दिसायला हवा होता.

"आपल्याकडं शेतात वाय्क्कालमधून पाणी येतं आणि वडिकालमधून जातं," मेस्त्री म्हणाले. "वडिकाल तुंबली की वरचं पाणीही जागीच उभं राहतं. लोक मात्र वरचीच मोरी खणत बसतात. सेल्फचा करंट लाल वायरनं येतो आणि इंजिनच्या अंगातून अर्थच्या पट्टीनं बॅटरीकडं परत जातो. दिव्यांचा आणि हॉर्नचा अर्थ बॉडीवर, त्यांना या पट्टीची गरज नाही. शिवाय दोन्ही हेडलाइट मिळून नऊ-दहा अँपिअर खातात. म्हणून दिवे छान लागतात आणि आपण म्हणतो, करंट ठीक आहे."

"आणि केबल?"

"पट्टीतून जाता येईना, तेव्हा करंटनं दुसरी वाट धरली. इंजिनपासून बॉडीकडं लोखंड कशात आहे? ॲक्सिलरेटरच्या केबलमध्ये, क्लचच्या केबलमध्ये. त्या बारीक तारांना तो भार झेपत नाही. तापतात, आतलं वंगण सुकतं, क्लच जड होतो. गाडी ऑगस्टातच सांगत होती. रायरांनी लिहूनही ठेवलं होतं."

मेस्त्रींनी जंपरची जाड वायर घेतली आणि ऋण टर्मिनलपासून थेट गिअरबॉक्सवर चिमटा लावला. किल्ली फिरताच इंजिन सुरू झाले. आजी आराधनेहून परतून ओसरीवर टेकल्या होत्या. त्या म्हणाल्या, "झालं एकदाचं."

"अजून नाही, अम्मा," मेस्त्री म्हणाले. त्यांनी इंजिन बंद केले, चिमटा काढला. किल्ली. टक्. चिमटा लावला, सुरू. काढला, टक्. असे त्यांनी भाच्याकडून करून घेतले, तो कंटाळेपर्यंत.

मग गाडीखाली जाऊन पट्टी दाखवली. विणलेल्या तांब्याची, हिरवी पडलेली, बोल्टखालचा धातू गंजून तपकिरी. आधी बॅटरीचे ऋण टोक सोडवले, मग पट्टी. जागा कानशीने आणि पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासली, नवी पट्टी आवळली, वर ग्रीस लावले, ऋण टोक शेवटी जोडले. पुन्हा मीटर लावला. इंजिन फिरत असताना ०.१. पट्टीची किंमत सेल्फच्या पासंगालाही पुरत नव्हती.

भाच्याचे समाधान मात्र होईना. "मामा, एक विचारू? दोष पट्टीतच होता, तर बॅटरी बदलल्यावर गाडी सुरू कशी झाली? आणि सेल्फ बदलल्यावर दोन महिने कशी चालली? म्हणजे माझंही थोडं बरोबर होतंच ना?"

मेस्त्री या प्रश्नाची वाटच पाहत होते. "नवी बॅटरी जोरकस असते. पट्टी तेव्हा अर्धीच खराब होती, त्या जोरानं करंट रेटला गेला. आणि सेल्फ काढताना आठवतंय का, ही पट्टी आडवी आली होती?"

"आली होती. पाना बसेना म्हणून मी ती वाकवून बाजूला केली."

"बोल्टखालचा गंज तेव्हा खरवडला गेला. तू नकळत खरं औषध केलंस आणि श्रेय सेल्फला दिलंस. पाऊस पडत राहिला, गंज पुन्हा धरला." ते थांबले. "बिघडलेलं काम आपल्याला फसवत नाही रे. समोर पडलेलं दिसतं. फसवतं ते जमलेलं काम. गाडी सुरू झाली की कोणी विचारत नाही, कशावरून? गिऱ्हाईक खूश, आपण खूश, आणि चुकीची गोष्ट डोक्यात पक्की."

तात्यांनी वही मिटली आणि पुन्हा उघडली. आजींनी डिकॉक्शनची कॉफी आणून ठेवली.

"आमच्या सरफोजी महाराजांनी," तात्या म्हणाले, "मोठ्या देवळाच्या भिंतीवर भोसल्यांच्या घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. १८०३ साली. येणारे-जाणारे लोक तो बघतात आणि थक्क होतात. पण त्याच महाराजांनी धन्वंतरी महाल चालवला. तिथं देशी औषधं होती, इंग्रजी औषधं होती, डोळ्यांच्या शस्त्रक्रियाही होत. महाराज स्वतः त्यात रस घेत. त्या डोळ्यांच्या रुग्णांचे कागद अजून सरस्वती महालात आहेत. रुग्ण कोण, काय तक्रार घेऊन आला, काय उपचार केले, आणि सोबत डोळ्याचं रंगवलेलं चित्र. चित्र कशाला काढलं असेल, तंबी?"

"आठवणीसाठी?"

"आठवण तर आपल्या सोयीची असते. रुग्ण बरा झाला की वैद्याला वाटतं, डोळा आला तेव्हा फार वाईट होता, मी चमत्कार केला. नाही बरा झाला की वाटतं, तो मुळातच गेलेला होता. चित्र दोन्ही वेळा वैद्याला गप्प बसवतं. भिंतीवर राजानं आपला विजय लिहिला. कागदावर मात्र त्यानं रुग्णाची खरी अवस्था उतरवून घेतली. मला विचारशील तर दुसरं काम अवघड."

मग त्यांनी वहीतल्या आपल्याच ओळींवर बोट ठेवले. "'तंबी हुशार.' 'निदान पुन्हा बरोबर.' हे मी लिहिलं, पण कशावरून ते लिहिलं नाही. माझीही वही इथं भिंतीसारखीच झाली."

दुसऱ्या दिवशी मेस्त्रींनी भाच्याने उतरवलेला जुना सेल्फ शेडमधल्या फळीवरून काढला, बाकावर शिकंज्यात आवळला आणि बॅटरीची टोके दिली. तो झोकात फिरला. उघडून पाहिले तर कार्बन अर्ध्याहून जास्त शिल्लक. मेस्त्रींनी तो तात्यांच्या गाडीला परत बसवला आणि नव्याचे पैसे तात्यांच्या हातात ठेवले.

तात्या म्हणाले, "मजुरी तरी ठेवा."

"पट्टीची ठेवलीय. चुकीच्या कामाची मजुरी घेतली तर हा चुकीचं काम करायला शिकेल." जुनी बॅटरी मात्र भंगारात गेली होती, तिचे काही करता आले नाही. मेस्त्रींनी तिचे पैसेही देऊ केले. तात्यांनी ते घेतले नाहीत. साडेतीन वर्षांच्या बॅटरीला फार आयुष्य उरले नसते, हेही वहीवरूनच दिसत होते.

त्या आठवड्यात मेस्त्रींनी बिलाची पावती बदलली. आजवर तिच्यात दोन रकाने होते, काय केले आणि किती झाले. आता मधोमध तिसरा आला, कशावरून. भाच्याने त्यात मीटरचे आकडे लिहायचे. आकडा नसेल तर सुटा भाग बदलायचा नाही.

पण शिकवण इतक्या सरळ पचत नाही. फेब्रुवारीत कुंभकोणमची एक टॅक्सी दारात येऊन बंद पडली. लग्नाचे भाडे, मालक घामाघूम. किल्ली फिरवली की आतून टकटकटकटक. भाच्याने मीटर बाजूला ठेवला, पॉलिश पेपर उचलला आणि गाडीखाली शिरू लागला.

"काय करतोस?" मेस्त्रींनी विचारले.

"अर्थची पट्टी, मामा."

"कशावरून?"

भाचा गाडीखालून तसाच मागे सरकला. त्याला हसू आले आणि थोडी लाजही वाटली. बॅटरी, बॅटरी म्हणणारा तो आता पट्टी, पट्टी म्हणू लागला होता. नाव बदलले होते, घाई तीच होती.

त्याने मीटर घेतला. बॅटरीवर किल्ली न फिरवता ११.६, फिरवताना आठाच्याही खाली. अर्थच्या वाटेवर ०.१. दोष बॅटरीकडेच होता.

"मग टाक नवी," मालक म्हणाला. "पैशाची चिंता नको, मुहूर्त गाठायचाय."

भाचा म्हणाला, "नवी टाकली तर आज पोचाल. पण ही रिकामी का झाली ते कळल्याशिवाय नवीही रिकामीच होईल." त्याने शेडमधल्या बॅटरीवरून वायर लावून इंजिन सुरू केले, वायर काढली आणि चालत्या गाडीत बॅटरीवर मीटर धरला. १२.१. तिथे १४ च्या आसपास हवे होते. अल्टरनेटर चार्जच करत नव्हता. इंजिन बंद करून पट्टा दाबून पाहिला तर तो बोटाखाली भलताच खोल गेला. त्याने बोल्ट सैल केला, पट्टा ताणला, आवळला, पुन्हा तशीच वायर लावून सुरू केले. १४.१.

मालकाने खिशातून पैसे काढले. तेवढ्यात भाच्याने इंजिन बंद केले आणि तोच बोल्ट पुन्हा सैल करायला घेतला.

"अरे, झालं ना!" मालक ओरडला. "आता परत ढिला कशाला करतोस?"

"सुरू झाली ते तुम्हालाही दिसतंय, सार," भाचा पान्यावरची नजर न हलवता म्हणाला. "कशानं झाली ते मला बघू द्या. दोनच मिनिटं."

पट्टा सैल होता तेव्हा मीटरवर १२.२ आले, आवळल्यावर पुन्हा १४.१. भाच्याने दोन्ही आकडे तिसऱ्या रकान्यात लिहिले आणि बिल लावले, पट्टा ताणण्याची मजुरी. मालकाने ती रक्कम दोनदा वाचली, कारण तो बॅटरीच्या किमतीची तयारी करून आला होता. त्याने विचारले, "पुन्हा बंद पडली तर?"

"तर ही पावती घेऊन या. आज काय पाहिलं ते हिच्यात आहे. मी चुकलो असलो तर कुठं चुकलो तेही हिच्यातच सापडेल."

मेस्त्रींनी हे ऐकले. दुसऱ्या दिवसापासून लोकांच्या घरी जाऊन गाड्या बघायचे काम त्यांनी भाच्यावर सोपवले, आणि बरोबर स्वतः जाणे बंद केले.